कोसळणे

कोसळणे : (अकर्मक क्रियापद) उभे किंवा उंचावरचे वजनदार काही आधार सुटून एकाएकी खाली येणे. रूपे : कोसळतो, कोसळला, कोसळली, कोसळले. ‘पडणे’ सर्वसाधारण आहे. कोसळण्यात वजन, वेग आणि नासधूस गृहीत असते. आंबा पडतो, छप्पर कोसळते.

दरडीविषयी. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात ‘दरड कोसळणे’ हा प्रयोग नेहमी ऐकू येतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे, २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. कातळावरचा मातीमुरुमाचा थर पाणी मुरून जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो झाडाझुडपांसह खाली येतो. त्याआधी पुष्कळदा जमिनीला भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी गढुळते. या अवस्थेचे क्रियापद ‘खचणे’ आहे. बातमीत मात्र ‘अचानक कोसळली’ एवढेच उरते. घटनेच्या वर्णनात दोन्ही क्रियापदे आलीच पाहिजेत, कारण घरे रिकामी करायला वेळ मिळतो तो खचण्याच्या काळात.

पुलाविषयी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. त्याबद्दल ‘कोसळला’ आणि ‘वाहून गेला’ असे दोन्ही प्रयोग आढळतात.

पेण-रोहा परिसरातील शेजारची क्रियापदे. पेणच्या खारपट्ट्यात उधाणाने बांध फुटतो, त्याला खांड (भगदाड) जाते आणि खारे पाणी भातशेतीत शिरते. तिथे ‘कोसळणे’ सहसा येत नाही. ४ मे २०१४ रोजी रोहा तालुक्यात निडीजवळ दिवा-सावंतवाडी पॅसेंजरचे डबे रुळांवरून ‘घसरले’. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यात झाडे ‘उन्मळून पडली’, पत्रे ‘उडाले’, विजेचे खांब मात्र ‘कोसळले’. पैशाच्या व्यवहारातही असाच भेद आहे : शेअर बाजार आणि कांद्याचे भाव कोसळतात, पण २०१० मध्ये निर्बंध आलेली पेण अर्बन बँक ठेवीदारांच्या बोलण्यात ‘बुडाली’.

पाऊस. ‘पाऊस कोसळतो’ यात आधार सुटण्याचा अर्थ मागे पडतो, जोर आणि अखंडपणा उरतो. रिमझिम पावसाला हे क्रियापद चालत नाही.

लाक्षणिक. संकट, कुऱ्हाड, आभाळ, दुःखाचा डोंगर कोसळणे. ज्याच्यावर ते येते त्याच्या नावाला ‘वर’ लागतो. ‘रडू कोसळणे’ हा वेगळा प्रयोग असून त्यात ‘ला’ येतो : तिला रडू कोसळले. येथे वरून काही येत नाही, आवरून धरलेले सुटते. ‘हसू कोसळले’ असे होत नाही; हसू फुटते.

राजकारण : सरकार कोसळणे. क्रिकेट : डाव कोसळणे.