लावा पक्ष्याच्या अंडी उत्पादनावर उष्णता व आर्द्रतेचा परिणाम

सभोवतालच्या हवेचे तापमान व आर्द्रता वाढल्यामुळे पाळीव जपानी लावा (बटेर; शास्त्रीय नाव कोटर्निक्स जपोनिका) या पक्ष्याच्या अंड्यांची संख्या, वजन व कवचाची जाडी यांत घट होते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत उन्हाळा कोरडा व पावसाळा दमट असल्याने हा परिणाम ऋतूनुसार दोन वेगवेगळ्या प्रकारे होतो.

पार्श्वभूमी

जपानी लावा भारतात १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून इज्जतनगर (बरेली, उत्तर प्रदेश) येथे आणला गेला. मादी सहा ते सात आठवड्यांची झाल्यावर अंडी घालू लागते. चांगल्या व्यवस्थापनात ती वर्षाला सुमारे २५० ते ३०० अंडी देते. एका अंड्याचे वजन साधारण १० ग्रॅम असते.

शारीरिक कारणे

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. लाव्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत शरीरातील उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. हवा त्या तापमानाला पोहोचली की धाप टाकून श्वसनमार्गातील पाण्याचे बाष्पीभवन करणे हाच मुख्य उपाय उरतो. धापेमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्ताची अल्कता वाढते आणि कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचा पुरवठा घटतो. परिणामी कवच पातळ होते व अंडी अधिक फुटतात.

त्याच वेळी पक्षी खाद्य कमी खातो. त्यामुळे प्रथिने व कॅल्शियम अपुरे पडते. रक्तप्रवाह त्वचेकडे अधिक वळतो आणि बीजांडनिर्मितीला चालना देणारी संप्रेरके मंदावतात. लावा बहुधा दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत अंडी घालतो. म्हणून कवच तयार होण्याचे शेवटचे तास नेमके दिवसाच्या तापत्या वेळेत येतात.

वऱ्हाडातील परिस्थिती

मे महिन्यात अकोला व अमरावती येथे दुपारचे तापमान अनेकदा ४४-४५ अंशांपर्यंत जाते, म्हणजे हवा पक्ष्याच्या शरीराहूनही तापलेली असते. अशा वेळी नुसता पंखा पक्ष्यावर गरम हवाच सोडतो. मात्र हवा कोरडी असल्याने पाण्याचे बाष्पीभवन जलद होते. त्यामुळे कूलर, फॉगर व ओली गोणपाटे उपयोगी पडतात.

पावसाळ्यात तापमान उतरते, पण आर्द्रता वाढते. हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे धाप टाकूनही उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. म्हणून ३२-३३ अंशांची दमट हवाही तापदायक ठरते. या काळात कूलर किंवा फॉगर चालविल्यास आर्द्रता आणखी वाढून अपाय होतो. गादी ओली राहून अमोनिया व रक्ती हगवणीचा धोका वाढतो, तसेच साठवलेल्या मक्याला बुरशी लागते. मॉन्सूनपूर्व जूनमधील उकाड्यात उष्णता व आर्द्रता दोन्ही एकत्र येत असल्याने तो काळ विशेष कठीण असतो. जिल्ह्यातच, परंतु सुमारे १,१०० मीटर उंचीवर असलेल्या चिखलदऱ्यात उन्हाळा तुलनेने सौम्य असतो.

लक्षणे

चोच उघडी ठेवून धाप टाकणे, पंख शरीरापासून दूर धरणे, पाणी अधिक व खाद्य कमी घेणे, पातळ किंवा बिनकवचाची अंडी ही प्रमुख लक्षणे होत.

उपाययोजना

* शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवणे. टिनाच्या छपरावर चुना लावणे किंवा तुराट्या-पऱ्हाटी पसरणे.
* पाण्याची टाकी सावलीत ठेवून दिवसभर गार पाणी देणे.
* खाद्य पहाटे व संध्याकाळी देणे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून क्षार व जीवनसत्त्व क देणे.
* कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने गारवा निर्माण करणे. दमट दिवसांत फवारणी बंद करून बाजू उघड्या ठेवणे व पंख्याने हवा खेळती राखणे.
* पक्ष्यांची दाटी कमी करणे व गादी कोरडी ठेवणे.

कोणता उपाय योजावा हे ठरविण्यासाठी केवळ तापमापक पुरेसा नसतो; शेडमधील आर्द्रताही मोजावी लागते.