आधी पडणं, मग पाडणं

चपला बाहेर काढा. दाराशी लाकडी गेता ओळीनं मांडल्यात, त्यांच्या शेजारी तुमच्याही ठेवा आणि वाकून आत या. साल १८८२. उन्हाळा सरलाय, हवेत गारवा आलाय. टोकियोच्या शिताया वस्तीतलं हे एइशोजी नावाचं बौद्ध मंदिर. मंदिराच्या काही खोल्या भाड्यानं दिल्यात आणि त्यांतल्या एका खोलीतून धाडधाड असा आवाज येतोय. तिथेच तुम्हाला जायचंय.

खोलीत बारा तातामी अंथरल्यात. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची दाबून शिवलेली जाड चटई, पुरुषभर लांब आणि त्याच्या निम्मी रुंद. अशा बारा, म्हणजे सगळी मिळून जेमतेम वीस चौरस मीटर जागा. एका वेळी दोन जोड्या सुटल्या तरी एकमेकांच्या अंगावर कोसळतील, म्हणून बाकीची मुलं भिंतीला पाठ लावून बसलीत. पहिल्या वर्षी इथे एकूण शिष्य नऊच. भिंतीपलीकडे मंदिराची वेदी आहे, तिच्यावर मृतांच्या नावांच्या पाट्या उभ्या केल्यात. इकडे कुणी पाठीवर आपटला की तिकडे पाट्या हादरतात, कधी खालीही पडतात. मंदिराचे पुजारी त्यामुळे वैतागलेत. जमिनीखालचे वासेही मोडतात. मग रात्री मुलं झोपली की त्यांचे गुरुजी मेणबत्ती घेऊन जमिनीखाली शिरतात आणि मोडलेल्या वाशांना आधार देऊन येतात.

ते गुरुजी समोरच उभे आहेत. जिगोरो कानो. वय बाविशीच्या आसपास, उंची पाच फुटांहून थोडीशीच जास्त. टोकियो विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेत. दिवसा गाकुशुइन या शाळेत शिकवतात, रात्री पैशांसाठी शिक्षण खात्याची भाषांतरं करतात. शिष्यांकडून फी घेत नाहीत. जागेला त्यांनी नाव दिलंय कोदोकान आणि जे शिकवतात त्याला ज्युदो. आज हे नाव या खोलीबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

तुम्हाला जाडाभरडा सुती अंगरखा मिळतो. बाह्या कोपरापर्यंतही पोचत नाहीत, विजार गुडघ्याच्या वरच संपते. दोनच दिवसांत तुमची कोपरं आणि गुडघे सोलवटून निघणार आहेत. कमरेच्या पट्ट्याला अजून कसलाही मान नाही, काळा पट्टा यायला काही वर्षं आहेत. कोण पुढचा आणि कोण मागचा, हे तुम्हाला चटईवरच कळेल.

डाव शिकायचाय ना? आधी उताणे झोपा. हनुवटी छातीला टेकवा, डोकं चटईला लागता कामा नये. आता दोन्ही हात उचला आणि अंगापासून जरा दूर, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम चटईवर आपटा. पुन्हा. मग उकिडवे बसून मागे लोळा आणि पाठ टेकता टेकता हात आपटा. मग उभं राहून. मग एका कुशीवर, एकाच हातानं. आपटलेला हात पडण्याचा बराचसा जोर आपल्याकडे घेतो, पाठीला आणि डोक्याला तो कमी बसतो. मन मात्र हात मागे टेकवायला सांगतं. तसा हात टेकवलात तर मनगट जाईल, नाहीतर खांद्याजवळचं हाड.

दोन दिवस तुम्ही नुसते पडताय. कंटाळू नका, कारण स्वसंरक्षणातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. आयुष्यात तुमच्या अंगावर कुणी धावून येईल न येईल, पण ओल्या फरशीवरून, जिन्यावरून पाय सरकल्याशिवाय राहणार नाही. शिवाय ज्याला पडता येत नाही तो पडायला भितो. भ्यालेला माणूस अंग आखडतो, आणि अंग आखडलेल्याला पाडायला फारशी अक्कल लागत नाही.

तिसऱ्या दिवशी तुमच्यासमोर शिरो उभा राहतो. आइझुकडून आलेला सोळा वर्षांचा पोरगा, तुमच्याहून बुटका. शिरो साइगो म्हणून पुढे त्याची कीर्ती होणार आहे. एका हातानं तो तुमची कॉलर धरतो, दुसऱ्यानं बाही. तुम्ही त्याला ढकलता. तो हटत नाही, पण तुमच्याशी भिडतही नाही. तुम्ही ढकलताय त्याच दिशेनं तो तुम्हाला आणखी थोडं ओढतो. तुमचा भार पावलांच्या बोटांवर येतो, टाचा उचलल्या जातात आणि त्या घडीला तुमच्या शरीराला मालकच उरत नाही. मग छत दिसतं, मग चटईचा आवाज. पडताना शेवटच्या क्षणी त्यानं तुमची बाही वर खेचून धरली, म्हणून तुमचं डोकं वाचलं. हे नीट लक्षात ठेवा.

कानो गुरुजी हे गणित आकड्यांत मांडतात. समजा समोरच्याची ताकद दहा आहे आणि तुमची सात. तुम्ही त्याच्या विरोधात रेटलंत तर हरणार, कितीही जीव तोडा. पण तो रेटत असताना तुम्ही वाट दिलीत, तर तो पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. तोल गेलेल्या माणसाकडे दहातली तीनच उरते. तुमची सात जशीच्या तशी आहे, आणि आता तिच्यातली निम्मीसुद्धा पुरते. या तोल घालवण्याला ते कुझुशी म्हणतात. ढकलून तोल घालवायचा, ओढून घालवायचा, पुढे, मागे, बाजूंना, तिरका, मिळून आठ दिशांना. मग आपलं अंग डावाला जुळेल असं आणायचं आणि मगच डाव मारायचा. बहुतेक नवखे थेट शेवटाला हात घालतात, म्हणून त्यांचा डाव बसत नाही.

हे त्यांना कुणी आयतं शिकवलेलं नाही. ते पाहायला पाच वर्षं मागे चला.

१८७७. सामुराईंनी तलवार बाळगण्यावर आदल्याच वर्षी बंदी आलीय. जुन्या युद्धविद्यांना विचारणारं कुणी उरलेलं नाही, जुजुत्सूचे वस्ताद हाडं बसवून पोट भरतात. शाळेत दांडग्या पोरांचा मार खाल्लेला किडकिडीत कानो म्हणूनच हाडवैद्यांची दारं ठोठावत हिंडतो. अखेर त्याला तेन्जिन शिन्यो शाखेचे हाचिनोसुके फुकुदा भेटतात. एका संध्याकाळी तुम्ही फुकुदांच्या छोट्याशा खोलीत कोपऱ्यात उभे आहात. फुकुदा त्याला फेकतात. हा उठून विचारतो, हात कुठे होता, पाय कसा टाकलात? उत्तर म्हणून ते त्याला पुन्हा फेकतात. तो पुन्हा विचारतो, ते पुन्हा फेकतात. वर सांगतात, असं विचारून कळत नसतं, करत राहिलास की येईल. मुलाच्या अंगभर मलम चोपडलेलं आहे आणि त्याचा उग्र वास खोलीभर पसरलाय.

मला फुकुदांचं म्हणणं खोटं वाटत नाही, पण ते अर्धंच आहे. अंगाला वळण लागतं ते करूनच लागतं. पण ज्याच्या मनात का आणि कसं हे प्रश्नच उठत नाहीत, तो गुरूला येतं तेवढंच शिकतो. कानोंनी दोन्ही धरून ठेवलं.

त्याच काळात कानेकिची फुकुशिमा नावाचा मासळीच्या धंद्यातला एक दांडगा गडी त्यांच्याबरोबर सराव करत होता. त्याच्यापुढे कानोंचं काही चालेना. सुमोतले डाव करून पाहिले, तेही लागू पडेनात. मग तो मुलगा ग्रंथालयात गेला. पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकात त्याला एक डाव सापडला: खाली शिरायचं, समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. काही दिवस तयारी केली आणि फुकुशिमा गेला उलथा. ज्युदोत त्याला काता-गुरुमा म्हणतात. तालीम पाहिलेल्या मराठी वाचकाला तो बघताक्षणी आपला कलाजंग आठवेल. माणसाच्या शरीराची ठेवणच अशी, की दूर दूरच्या देशांतले मल्ल आपापल्या मातीत झुंजत एकाच डावापाशी पोचले.

परत एइशोजीच्या काळाकडे या, आणि जरा पुढे सरका. कोदोकानच्या या सुरुवातीच्या वर्षांतली एक लढत मला सर्वांत आवडते, आणि ती एका दिवसात संपत नाही. कानोंचा हुकमी डाव होता उकि-गोशी: समोरच्याला कमरेशी ओढून घ्यायचं, आपली कंबर झटकन फिरवायची, की तो तिच्यावरून फिरून पडतो. शिरो रोज पडायचा. एके दिवशी त्यानं कंबर फिरताक्षणी तिच्यापुढून उडी मारली आणि सुटला. गुरूला वाईट वाटायला हवं होतं? कानोंनी विचार केला आणि उडी मारणाऱ्याचा पाय पुढून आपल्या पायानं झाडायला सुरुवात केली. झाला नवा डाव, हराई-गोशी. शिरोनं त्याचीही तोड काढली: उडी न मारता अंग मागे ताणून रुतून बसायचं. मग कानोंनी दोन्ही हातांनी त्याला वर उचलत पुढे आणून, आपण अधिक खाली जाऊन फेकायला सुरुवात केली. तो त्सुरिकोमी-गोशी. शिष्यानं तोड काढली म्हणून गुरूला पुढचा डाव सापडत गेला. तोड काढायला शिष्याला मोकळीक नसती, तर पुढचे दोन डाव जन्मालाच आले नसते.

ही मोकळीक म्हणजे रांदोरी, ज्याला आपण मोकळी झुंज म्हणू. पुढे काय होणार हे आधी ठरलेलं नसतं, दोघंही मनापासून झुंजतात. जुन्या शाखांत बराचसा भर ठरवलेल्या क्रमावर, म्हणजे कातावर होता. त्यात बोटं मोडणं, डोळ्यांत बोट घालणं, मर्मावर ठोसा मारणं असे जीवघेणे प्रकार होते. ते खरोखर, पूर्ण जोरानं करायचे तर रोज एक नवा जोडीदार लागेल. म्हणून ते हलक्या हातानं, नाटकासारखे करत राहायचे. कानोंनी ते टाकले नाहीत, कातामध्ये जपले. रांदोरीसाठी मात्र फेक, दाबून धरणं, गळपकड आणि काही सांधेपकडी एवढंच ठेवलं, कारण ते पूर्ण ताकदीनं करूनही जोडीदार उद्या सकाळी पुन्हा येतो.

वरवर पाहता धारदार शस्त्रं बाजूला ठेवून त्यांनी विद्या बोथट केली असं वाटेल. तसं म्हणणारे तेव्हाही होतेच. आता एक प्रयोग करा. शिरोला सांगा, माझं मनगट धर. कातामध्ये यातून सुटायची रीत स्वच्छ आहे: पकडणाऱ्याची चार बोटं एकीकडे, अंगठा दुसरीकडे, आणि अंगठ्याच्या बाजूला फट. मनगटाची कड त्या फटीकडे वळवा, कोपर त्याच्याकडे नेत हात झटक्यानं काढा. सुटलात. सोपं आहे, कारण तो नुसता धरून उभा होता. आता त्याला सांगा, धर आणि खेच, जसा रस्त्यावरचा माणूस खेचेल. तो खेचतो, तुम्ही घाबरून उलट दिशेला ओढता, फट सापडतच नाही. पंधराव्यांदा कधीतरी तुम्ही त्याच्या खेचण्याबरोबर एक पाऊल त्याच्याकडे टाकता, तो मागे कलतो, पकड सैल पडते आणि हात आपोआप बाहेर येतो. रीत तुम्हाला पहिल्या खेपेलाच माहीत होती. ती ऐन वेळी आठवायला मात्र ओढाताण करणारा, न ऐकणारा, घामेजलेला जोडीदार लागला. आज स्वसंरक्षणाच्या नावाखाली एका दुपारी वीस युक्त्या शिकवून मुलींना घरी पाठवतात, तेव्हा मला याचीच काळजी वाटते. दोनच युक्त्या शिकवा, पण समोरच्यानं खरा जोर लावलेला असू द्या.

चाकूचं मात्र वेगळं. समोर चाकू असेल आणि पळायला वाट असेल, तर पळा. मी सांगितलेलं काहीही आजमावत बसू नका.

मंदिरात अधूनमधून त्सुनेतोशी ईकुबो येतात. कितो शाखेचे वस्ताद, कानोंचे गुरू. वय पन्नाशीच्या आसपास, पण तरुण कानोंना ते सहज फेकतात. मग असा एक दिवस येतो, की ईकुबोच सारखे पडायला लागतात. ते थांबून विचारतात, आज हे काय झालं? कानो सांगतात, आधी तोल घालवला आणि मग डाव मारला. ईकुबो पुन्हा उभे राहतात, पुन्हा पडतात. मग स्वच्छ मनानं सांगून टाकतात, की आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. तुम्ही भिंतीशी बसून हे पाहताय. शिष्याकडून हरल्यावर इतक्या सरळपणे बोलणारा वस्ताद पुन्हा पाहायला मिळेल न मिळेल, म्हणून डोळे भरून पाहून घ्या.

आता एकच उडी, १८९१ मध्ये. सरकारी कामगिरीवर युरोपात गेलेले कानो बोटीनं परत निघालेत. प्रवासात एक धिप्पाड रशियन अधिकारी त्यांची परीक्षा घ्यायला पुढे होतो. भोवती उतारू जमलेत, तुम्ही त्यांच्यात आहात. तो या लहानखुऱ्या माणसाला कवेत आवळू पाहतो. आवळताना पुढे झुकतो, आणि तुम्ही उतारूंच्या आधी ओळखता, की त्याचे दहाचे तीन झाले. कानो फिरतात, तो कमरेवरून वर जातो. खाली तातामी नाही, डेकच्या कठीण फळ्या आहेत, आणि या माणसाला पडणं कुणी शिकवलेलं नाही. तो खाली येत असताना कानोंचा हात त्याच्या डोक्याखाली सरकतो. इतक्या थोड्या वेळात असं काही ठरवून करणं शक्य नाही. जोडीदाराची बाही वर खेचून धरायची सवय त्या बारा चटयांवर हजारदा केलेली होती, ती इथे अनोळखी माणसासाठीही आपसूक घडली. अधिकारी धडधाकट उठून उभा राहतो.