समान मापाचे दोन पाये : शोषण-कैसनाच्या इतिहासातील एक प्रश्न

समुद्रतळावरील बांधकामांसाठी योजिल्या जाणाऱ्या शोषण-कैसनाची रचना वरवर पाहता अत्यंत साधी आहे. पालथ्या घातलेल्या पिंपासारखे, वरून बंद व खालून उघडे असे हे पोलादी नळकांडे प्रथम स्वतःच्या वजनाने मातीत थोडे रुतते. नंतर त्यातील पाणी पंपाने बाहेर काढले की आतील दाब घटतो आणि बाहेरील पाण्याचा अधिक दाब झाकणास खाली लोटतो. ‘शोषण’ हे नाव रूढ असले, तरी पाया खाली नेते ते बाहेरच्या पाण्याचे ओझे होय. १२ मीटर व्यासाच्या झाकणावर एका वातावरणाइतका दाबभेद मिळाला, तर घणाचा एकही घाव न घालता ११०० टनांहून अधिक भार लाभतो. ही कल्पना प्रथम कोणास सुचली, यापेक्षा ती एका कामातून दुसऱ्या कामात नेताना कोणता नवा प्रश्न उपस्थित झाला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

या कल्पनेचा आरंभ तेलाच्या शोधात झाला नाही. १९५८ मध्ये मॅकेरेथ यांनी सरोवरांच्या तळातील गाळाचे उभे नमुने काढणाऱ्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात उपकरण तळाशी स्थिर राहावे म्हणून पालथे पिंप पाणी उपसून गाळात रुतविले जाई. १९६१ मध्ये गुडमन, ली व वॉकर यांनी ‘जिओटेक्निक’ या नियतकालिकात मातीतील निर्वात नांगराच्या शक्यतेचा विचार मांडला. पुढे १९८० च्या सुमारास उत्तर समुद्रातील डेन्मार्कच्या गोर्म तेलक्षेत्रात बोया जखडून ठेवण्यासाठी असे १२ नांगर रोवण्यात आले. येथवर कैसनाचे काम नांगराचे होते, पायाचे नव्हते.

पायाचे काम नॉर्वेजियन सागरभागात सुरू झाले. गुलफाक्स क्षेत्रात २०० मीटरांहून अधिक खोलीवर १९८५ मध्ये मोठ्या मापाचे प्रयोग झाले आणि १९८९ मध्ये गुलफाक्स-सी हा प्रचंड काँक्रीटचा मंच सुमारे २२ मीटर खोल जाणाऱ्या भिंतींसह बसविण्यात आला. परंतु तेथील तळ मऊ होता. घट्ट वाळूत पाया याच रीतीने उतरेल काय, याविषयी शंका होती. तिचे उत्तर पाझराने दिले. आत दाब घटताच बाहेरचे पाणी भिंतीच्या टोकाखालून वळून आत वर चढू लागते. त्या प्रवाहामुळे आतील व टोकाजवळील वाळूच्या कणांचा परस्परांवरील दाब हलका होतो आणि विरोध घटतो. मात्र उपसा अतिरेकी झाला, तर आतील वाळूच उकळल्यासारखी सुटी होते. म्हणून पंपाचा वेग हा येथे हिशेबाचा विषय आहे, घाईचा नव्हे.

या ज्ञानाच्या आधारे १९९४ मध्ये ड्राउप्नर-ई हा मंच ७० मीटर खोल पाण्यात उभा राहिला. त्याच्या पोलादी सांगाड्याच्या चार पायांखाली १२ मीटर व्यासाची व ६ मीटर उंचीच्या भिंतीची चार कैसने होती. पाया नव्या प्रकारचा असल्यामुळे मंचावर मापनयंत्रे बसविली होती. १ जानेवारी १९९५ रोजी याच मंचावर २५.६ मीटर उंचीच्या लाटेची नोंद झाली. ही लाट पुढे सागरविज्ञानात प्रसिद्ध झाली. मृदायामिकीच्या अभ्यासकास मात्र अधिक महत्त्वाचे हे की, मंच उभाच राहिला.

आता २००२ मधील फ्रेडरिक्सहाउन येथील पवनचक्की पाहू. ३ मेगावॉट क्षमतेच्या त्या चक्कीखालील कैसनाचा व्यास १२ मीटर आणि भिंत ६ मीटर, म्हणजे ड्राउप्नरचेच माप! तथापि या साम्याने फसू नये. तेलमंच वजनदार असतो व ते वजन पायास दाबून धरते. पवनचक्की तुलनेने हलकी. तिला वाऱ्याचा रेटा उंचावर बसतो आणि एकट्या कैसनावर उलथविणारा जोर येतो. तीन पायांच्या सांगाड्यात हाच जोर एका पायास दाबतो, तर दुसऱ्यास उपटू पाहतो. लाटेचा ताण काही सेकंदांचा असतो. तेवढ्या अवधीत पाणी वाळूत शिरू शकत नाही व आत निर्माण झालेला उणा दाब पायास धरून ठेवतो. वाऱ्याचा सरासरी रेटा मात्र तासन्‌तास टिकतो आणि हा आधार ओसरतो. ऑक्सफर्ड येथील हौल्सबी व बर्न यांच्या प्रयोगांत कैसनावर ताण येताच त्याची दृढता झपाट्याने घटते असे आढळले. यावरून, नित्याच्या भाराखाली कैसनावर ताण येऊ न देणे हाच सावध मार्ग ठरतो.

दुसरा धडा २००५ मध्ये विल्हेल्म्सहाफेन येथे मिळाला. १६ मीटर व्यासाचे कैसन बसविताना नौकेचा धक्का लागला आणि पातळ भिंत दबून वळली. जो दाबभेद पायास खाली नेतो, तोच भिंतीस आत चेपतो, हे विसरता येत नाही.

त्यानंतर २०१४ मध्ये बोर्कुम रिफग्रुंड येथे तीन कैसनांवरील सांगाड्याची एक चक्की उभारली गेली. २०१८ मध्ये ॲबरडीनजवळ ११ आणि २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या स्कॉटलंडच्या सीग्रीन क्षेत्रात ११४ चक्क्या अशा पायांवर आल्या. घणाचा आवाज टळतो आणि आत पाणी भरून पाया पुन्हा वर काढता येतो, ही तिची आकर्षणे खरीच. परंतु या इतिहासाचा निष्कर्ष निराळा आहे. आकृती एका बांधकामातून दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येते. तिच्यावरील विश्वास मात्र तसा नेता येत नाही. भाराचे स्वरूप, त्याचा कालावधी आणि तळाची माती यांपैकी एकही बदलले, तर तो विश्वास नव्याने संपादन करावा लागतो.