बोर्डाची शाळा

‘आम्ही शिकलो बोर्डाच्या शाळेत,’ असं सांगणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. नातवंडांना हे बोर्ड म्हणजे एक तर भिंतीवरचा फळा वाटतं, नाही तर दहावीची परीक्षा घेणारं मंडळ. आजोबांच्या डोक्यात असतं ते जिल्हा स्कूल बोर्ड. मास्तरांची बदली करणारं, शाळेच्या कौलांचे पैसे मंजूर करणारं किंवा वर्षानुवर्षं अडवून धरणारं. त्याचा चेअरमन गावात आला की पोरांना धुतलेल्या टोप्या घालून रांगेत उभं राहावं लागे. महाराष्ट्रातली जिल्हा स्कूल बोर्डं १९६२ साली संपली. नाव मात्र तोंडात राहिलं. या नावामागे शंभर-सव्वाशे वर्षांचं एक भांडण आहे: शाळेला पैसा गावाचा, मग शाळा कुणाची?

इंग्रज येण्याआधी हा प्रश्नच नव्हता. पंतोजीची शाळा पंतोजीची असे. ती देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत भरे. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वळवायची, पावकी-निमकी घोकायची आणि हिशेबापुरतं गणित आलं की दुकानात किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात बसायचं. मोबदला महिन्याला काही पैसे, थोडं धान्य आणि सणावाराला दक्षिणा. १८२० च्या दशकात मुंबई सरकारनं इलाख्यातल्या शाळांची मोजदाद केली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुलं भरली. त्यांतल्या सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा अगदी मोजक्या होत्या. बाकीचा भार पालक उचलत होते. अर्थात, ज्यांना तो उचलता येई आणि ज्यांच्या मुलांना ओवरीत बसू दिलं जाई, असे पालक.

पहिलं ‘बोर्ड’ आलं १८४० मध्ये, मुंबईत. बोर्ड ऑफ एज्युकेशन असं त्याचं नाव. सरकारनं नेमलेल्या गोऱ्या सभासदांबरोबर त्यात तीन जागा एतद्देशीयांना होत्या. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे त्यांतले ठळक सभासद. १८४३ पासून अध्यक्षस्थानी होते सर अर्स्किन पेरी, मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पेरीसाहेबांचं मत असं की पैसा थोडा आहे, तर तो वरच्या वर्गाला इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्चावा. ज्ञान तिथून आपोआप खाली झिरपेल. १८४७ मध्ये यावरून बोर्डात उघड फूट पडली. नाना शंकरशेट, फ्रामजी आणि मकबा हे तिघंही बोर्डातलेच एक सभासद कर्नल जर्व्हिस यांच्या बाजूनं उभे राहिले. लोकांना शिकवायचं तर त्यांच्याच भाषेत शिकवलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. इंग्रजीला नानांचा विरोध नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा हात होता. पण इंग्रजी शिकणारा मूठभरांतला एक असतो आणि बाकीची मुलं मराठी-गुजरातीतच शिकणार, हा हिशेब त्यांना स्पष्ट दिसत होता. दोन वर्षांनी, १८४९ मध्ये, स्टुडंट्स सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. बोर्डाचा सभासद म्हणून शहरातल्या कुटुंबांना याहून वेगळं काही सांगण्याची गरज राहिली नव्हती.

१८५० च्या दशकाच्या आरंभी याच बोर्डानं खेड्यांपुढे एक सौदा ठेवला. गावानं मास्तरच्या पगाराचा निम्मा वाटा उचलावा, शाळेला जागा आणि पुस्तकं द्यावीत. उरलेला निम्मा पगार सरकार देईल. बऱ्याच गावांनी हात पुढे केला. पण वर्गणी म्हणजे वर्गणी! सुगीत ठरलेली रक्कम दुष्काळात कुणी द्यायची? पाटलाच्या घरातली मुलं शिकून बाहेर पडली की पाटलाचा उत्साहही ओसरे. १८५५ मध्ये बोर्ड मोडून सरकारचं शिक्षण खातं आलं. डेप्युटी इन्स्पेक्टर घोड्यावरून गावोगाव फिरू लागले. लोकांच्या तोंडी ते ‘दिपोटी’ झाले आणि त्यांच्या नावानं मास्तर आणि पोरं एकाच वेळी घामाघूम होऊ लागली.

वर्गणीवर उपाय निघाला १८६३ मध्ये. जमिनीच्या साऱ्यावर दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्याला लोकल फंड म्हणायचं, आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणावर खर्चायचा. उरलेल्यातून रस्ते, धर्मशाळा, विहिरी. १८६९ च्या कायद्यानं या आण्याला पक्कं रूप दिलं. आता देणं मर्जीचं राहिलं नाही. ज्याच्या गावात शाळा होती तोही आणा भरू लागला, ज्याच्या गावात नव्हती तोही.

या दुसऱ्या शेतकऱ्याची बाजू मांडली जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचं उत्पन्न रयतेच्या घामातून येतं आणि त्याचा उपयोग वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाला होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. इलाख्यातली जवळजवळ नऊ-दशांश खेडी शाळेविना आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मास्तर शेतकरी वर्गातून घ्या, गरज पडली तर नांगर धरायला लाजणार नाही असा माणूस नेमा, त्याला पोटभर पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

या निवेदनातली एक सूचना सहसा चर्चेत येत नाही. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली राहावा, असं फुले म्हणतात. हे सांगणारा माणूस १८७६ पासून पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून बसत होता. टेबलाभोवती कोण बसतं, कुणाचा शब्द चालतो आणि कुणाच्या आळीत दिवा आधी लागतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. ‘शाळा गावाच्या हाती द्या’ हे ऐकायला गोड होतं. ते गाव म्हणजे नेमकं कोण, हे ते विचारत होते.

कायदा मात्र उलट दिशेला गेला. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणातून १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा, असे दोन कायदे झाले आणि प्राथमिक शाळा त्या संस्थांकडे जाऊ लागल्या. ‘लोकलबोर्डाची शाळा’ आणि ‘म्युन्सिपाल्टीची शाळा’ हे शब्द मराठीत रुळले ते तेव्हापासून. मताचा हक्क मालमत्तेवर किंवा शिक्षणावर ठरत असल्यानं बोर्डात इनामदार, सावकार, वकील यांचीच गर्दी होती. अस्पृश्य मुलांच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते उघडच होतं. सरकारी शाळेतही याआधी तोच अनुभव आला होता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यानं सरकारकडे अर्ज केला, तर एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, असं कारण पुढे करण्यात आलं. वरून हुकूम आला की सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत. पण हुकूम आणि उंबरठा यांच्यात पुढची कित्येक दशकं अंतर राहिलं. १९२३ साली सी. के. बोले यांना मुंबई कायदे मंडळात ठराव आणावा लागला की सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. शाळेला पैसा सर्वांचा लागत होता. बसायची जागा मात्र काहींना व्हरांड्यात मिळे.

सक्तीच्या शिक्षणाची वाट संस्थानांनी आधी चालून दाखवली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लावला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदे मंडळात त्याच धर्तीचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मतांची वाट पाहिली नाही. १९१७ मध्ये त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये करवीर तालुक्यातल्या चिखलीपासून त्याची सुरुवात झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड होता. राखोळीला जाणारं पोर घरात चार पैशांचं काम करत असे. तेव्हा हा रुपया लहान नव्हता.

ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ मध्ये आला. नगरपालिकेला वाटलं तर तिनं आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करावं, अशी त्यात मुभा होती. पुण्यात त्यावरून मोठा वाद पेटला. सक्ती मुलांपुरती की मुलींनाही? पैसा अपुरा आहे, आधी मुलांचं बघू, असं म्हणणाऱ्यांत लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे लोक होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. शाळेच्या प्रश्नावर स्त्रियांनी आपल्या नगरपालिकेला जाब विचारावा, ही गोष्ट त्या शहराला नवी होती.

मग १९२३ मध्ये नवा कायदा आला आणि ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द कायद्यात बसला. शिक्षणमंत्री होते रँग्लर र. पु. परांजपे. जिल्हा लोकल बोर्डांनी आणि मोठ्या नगरपालिकांनी आपापली स्कूल बोर्डं निवडायची. शाळा काढणं, शिक्षक नेमणं, बदल्या करणं ही कामं त्यांची. सक्ती लागू केल्यास वाढीव खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकार जिल्ह्याच्या बोर्डांना आणि निम्मा नगरपालिकांना देणार होतं. कागदावर हे लोकशाहीचं शिक्षण होतं. १९३० च्या मंदीत सरकारी तिजोरी आटली आणि सक्तीच्या योजना रेंगाळल्या. बोर्डाच्या हाती उरली मुख्यतः बदली. खेड्यात लिहिता-वाचता येणारा, लोकांशी रोज संबंध असलेला माणूस म्हणजे मास्तर. निवडणुकीत त्याचा उपयोग न करणारा सभासद विरळा. जो मास्तर ऐकेल त्याला घराजवळची शाळा, न ऐकणाऱ्याला घाटापलीकडची. फुल्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी घेतलेली शंका आता सरकारी अहवालांतूनही उमटू लागली.

१९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं कायदा बदलला. स्कूल बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर झाला आणि नेमणुका-बदल्यांची दोरी त्याच्या हाती गेली. निवडून आलेल्या काँग्रेस सरकारनंच निवडून आलेल्या बोर्डांचे अधिकार काढून घ्यावेत, यावर तेव्हा बरीच टीका झाली. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं हीच चौकट पक्की केली.

याच सुमारास सातारा जिल्ह्यात वेगळं काही घडत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली होती. बोर्ड जिथे पोचत नव्हतं अशा डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर त्यांनी स्वयंसेवी शाळांचं जाळं विणलं. ही संख्या पाचशेच्या वर गेली. जागा गावानं द्यायची, मास्तरच्या भाकरीची सोय गावानं करायची, शिकवायला संस्थेचा तरुण. १८५० च्या दशकातला तोच निम्मा-निम्मा सौदा; फरक इतकाच की या वेळी सांगायला आलेला माणूस दिपोटी नव्हता. पुढे या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर बेतलेल्या १९६१ च्या कायद्यानं जिल्हा स्कूल बोर्डं मोडली आणि प्राथमिक शाळा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आल्या. ‘बोर्डाची शाळा’ कागदावर ‘झेडपीची शाळा’ झाली. शहरांतली नगरपालिका शिक्षण मंडळं तेवढी टिकली. तिथल्या सभापतिपदासाठी पक्षांत चुरस असे आणि गणवेश-दप्तरांच्या खरेदीवरून वर्तमानपत्रांत बातम्या येत. २०१३ मध्ये राज्य सरकारनं तीही बरखास्त केली.

कारण दिलं गेलं ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं. या कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत एक शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन चतुर्थांश सभासद त्या शाळेतल्या मुलांचे आईबाप असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. शाळेच्या विकासाचा आराखडा करणं, मिळालेल्या अनुदानाचा खर्च तपासणं हे तिचं काम. मतासाठी मालमत्ता लागत नाही. मूल पटावर असलं की पुरे. मास्तरांची बदली मात्र तिच्या हातात नाही.

महिन्याच्या सभेला ही समिती वर्गातल्या सतरंजीवर बसते. अध्यक्ष असतो एखाद्या विद्यार्थ्याचा बाप किंवा आई, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली. सचिव असतात मुख्याध्यापक, म्हणजे ज्यांची नेमणूक आणि बदली वरून होते ते. ठरावाच्या वहीवर दोघांच्याही सह्या लागतात. १८६३ चा तो आणाही संपलेला नाही. शेतसाऱ्यावर जिल्हा परिषदेचा उपकर बसतो, आणि शहरात घरपट्टीचं बिल आलं की त्यात १९६२ च्या कायद्यानं लावलेला शिक्षण कर वेगळ्या ओळीत छापलेला असतो, पाणीपट्टी आणि वृक्षकराच्या जवळपास कुठे तरी.