खाडीवरील उमेदवारी

विद्या ग्रंथाच्या वाटेनें येते तशी गुरूच्या वाटेनेंही येते, असें आपण म्हणतों खरें. पण आपणां शिकल्यासवरल्या लोकांचा भरंवसा पहिल्या वाटेवरच अधिक असतो. गाण्यास गुरु लागतो, सुतारकामास उस्ताद लागतो, हें आपण मान्य करितों. मासे धरण्यास मात्र गळ, जाळें आणि थोडा धीर यांपलीकडे कांहीं लागत असेल, हें आमच्या तरी ध्यानांत आलें नव्हतें. तें कसें आलें, आणि त्यावरून या किनाऱ्याच्या इतिहासाकडे आम्ही कसे वळलों, तें येथें सांगावयाचें आहे.

आम्ही नवी मुंबईंत राहावयास आलों तेव्हां खिडकींतून दिसणारी खाडी हा आमच्या लेखीं केवळ एक देखावा होता. पुढें बेलापूरजवळच्या दिवाळे गांवांतील एका वृद्ध नाखव्यांशीं मासळीच्या निमित्तानें ओळख झाली, आणि त्यांच्या लहान होडींतून बरोबर जाण्याची परवानगी मिळाली. चार फेऱ्या झाल्या, भीड चेपली, आणि एके दिवशीं त्यांना न विचारतां आम्ही व आमचे एक हौशी स्नेही भाड्याची होडी घेऊन निघालों. सकाळचे नऊ वाजले होते. खाडी तुडुंब भरलेली, वारा बेताचा. दोन तासांत वल्हें पाण्याऐवजीं चिखलास लागूं लागलें, आणि पाहतां पाहतां होडी बसली. उतरून ढकलावी तर पाय मांडीपर्यंत रुतावा. पुन्हां पाणी चढून होडी उचलली जाईपर्यंत आठ तास लोटले. दिवस मावळल्यावर आम्ही धक्क्याला लागलों, तेव्हां नाखवा तेथें वाट पाहत उभे होते. ते रागावले नाहींत. त्यांनीं एकच विचारलें, "आज तिथ कोनची?"

आम्हांस ती सांगतां आली नाहीं. तारीख ठाऊक होती, वार ठाऊक होता, मनगटावर घड्याळ होतें. तिथि मात्र ठाऊक नव्हती. ती द्वादशी होती. नाखव्यांचा हिशेब असा: तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल त्या वाजतां मुंबईच्या पाण्यांत पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. म्हणजे ज्या घटकेस पाणी भरलें आणि उतरावयास लागलें, त्याच घटकेस आम्हीं होडी लोटली होती. चंद्राच्या गतीमुळें भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते, हें आम्हीं शाळेंत पाठ केलेलें होतें. त्या वाक्याचा आणि तिथीचा संबंध मात्र शाळेनें आम्हांस जोडून दिला नव्हता.

त्या रात्रीपासून आमची खरी उमेदवारी सुरू झाली. पुनवेच्या व अंवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणांत भरती-ओहोटीच्या पातळींतील अंतर कधीं कधीं पांच मीटरांच्या घरांत जातें, आणि पाण्याला ओढ येते. डोल जाळें हें त्या ओढीवरच जगतें. तें पिशवीसारखें असून त्याचें तोंड प्रवाहाकडे करून बांधतात. मासळीचा पाठलाग करावयाचा नसतो, पाणीच तिला आंत आणून सोडतें. पाणी फिरण्यापूर्वीं जाळें उचललें नाहीं, तर मिळालेलेंही हातचें जातें. भांगाच्या मंद पाण्यांत डोलीला फारसें काम नसतें. पाग टाकण्याची रीति याहून निराळी: तेथें एकट्या माणसाचा हात, कंबर आणि नजर यांचा मेळ बसावा लागतो. बोय कोठें वर येते, जिताडा कोणत्या तोंडाशीं थांबतो, निवट्या आणि चिंबोऱ्या कोणत्या चिखलांत मिळतात, हें सारें नाखव्यांनीं आम्हांस बोटानें दाखविलें. त्यांतील पुष्कळसें आम्ही अजून विसरतों.

आतां इतिहासाकडे वळूं. या पाण्यावर नवखे आम्हीच पहिले नव्हतों. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या सरकारी गॅझेटियरांत कोळ्यांच्या मासेमारीचें वर्णन आहे. त्या ग्रंथाचे उपकार मोठे आहेत; परंतु जाळ्यांचीं नांवें वाचून जाळें टाकतां येत नाहीं. पुढें १९२१ सालीं मुंबई सरकारनें 'विल्यम कॅरिक' नांवाचें वाफेचें मासेमारी जहाज या किनाऱ्यावर फिरवून पाहिलें. उत्पन्नानें खर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हां १९२२ सालीं तो प्रयोग आटोपता घेण्यांत आला. त्याच काळांत वल्ह्याशिडाच्या होड्या मात्र आपलें पोट भरीत होत्या. या एका दाखल्यावरून यंत्राची निंदा करणें योग्य होणार नाहीं. कोळ्यांनीं स्वतःच पुढें यंत्रें स्वीकारलीं. शास्त्राकडेही पाठ फिरविण्याचें कारण नाहीं. १९६१ सालीं मुंबईंत मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली, ती योग्यच झाली. आमचें म्हणणें एवढेंच कीं, साधन नवें असलें तरी पाण्याची ओळख जुन्यांकडूनच करून घ्यावी लागते.

सर्वांत मोठा नवखा म्हणजे हें शहरच होय. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या नगरासाठीं ठरली. १९७३ सालीं वाशीचा पूल खुला झाला. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें बंदर सुरू झालें. जमिनीच्या मोबदल्यासाठीं आगरी-कोळी समाजास लढावें लागलें, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. जमिनीला सातबारा तरी होता. पाण्याला तो नव्हता. भराव पडला, पुलांचे खांब उभे राहिले, कारखान्यांचें आणि गटारांचें पाणी खाडींत आलें. आणि ज्यांचें शेतच पाण्यांत होतें त्यांचें नुकसान कोणत्या कागदावर मोजावें, असा प्रश्न पडला. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें उरण भागांतील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारें ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ठाणें खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणीं ऑगस्ट २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानेंही रूढीनें चालत आलेल्या मासेमारीची हानि भरून दिली पाहिजे असा निर्णय दिला. कागद नसलेल्या हक्काला न्यायासनानें हक्क म्हटलें, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि भरपाईच्या कोष्टकांत एक रकाना राहून जातो, तो विद्यार्थ्यांचा. आमच्या नाखव्यांचे दोन्ही मुलगे नोकरी करितात. होडींत पुरें पडत नाहीं, म्हणून त्यांनींच त्यांना शाळेंत घातलें आणि नोकरीस लावलें. त्याबद्दल त्यांना खेद नाहीं. खेद आम्हांस होतो, आणि त्यांत थोडी लाजही मिसळलेली असते. कारण ज्या शहरामुळें त्यांचें पाणी आटलें त्याच शहराचे आम्ही रहिवासी, आणि त्यांच्या पुढच्या पिढीची रिकामी जागा आज होडींत आम्ही अडवून बसलों आहों. आम्हीं एकदां हें त्यांना बोलून दाखविलें. ते म्हणाले, "कोनीतरी शिकायला पायजे." त्यांत कौतुक किती आणि निरुपाय किती, तें आम्हांस कळलें नाहीं. तेव्हांपासून घरच्या एका जेवणापुरतेंच धरावयाचें आणि विकावयाचें कांहीं नाहीं, असा नियम आम्हीं स्वतःस घालून घेतला आहे. विक्री कोळणींची. त्यांच्या टोपलीशीं आमच्या हौसेनें स्पर्धा करूं नये.

वाचकांपैकीं ज्यांची घरें या खाडीच्या कांठीं आहेत त्यांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या मुलांच्या शाळांतून भरती-ओहोटीचा धडा शिकविला जातोच. तो धडा लागेल त्या आठवड्यांत जवळच्या कोळीवाड्यांतील एका तांडेलास शाळेंत बोलवावें, उचित मानधन द्यावें, आणि पाऊणपटीचा हिशेब मुलांना त्याच्या तोंडून ऐकूं द्यावा. जमल्यास धक्क्यावर नेऊन पाणी फिरतांना दाखवावें. त्यांतून मच्छीमार निपजतील असें नाहीं. पण त्यांतील एखादा पुढें इंजिनीयर होऊन पुलाचा खांब कोठें रोवावा हें ठरवावयास बसेल, तेव्हां येथें कोणाची डोल बांधलेली असते, असें विचारण्याचें तरी त्याला सुचेल.

आमच्या भिंतीवर आतां तिथींचें पंचांग लागलें आहे. आज चतुर्थी, तीनला पाणी भरेल. नाखव्यांनीं एकला बोलाविलें आहे, तेव्हां येथेंच थांबतों.