दूधसागर लोहमार्ग पदभ्रमण

दूधसागर लोहमार्ग पदभ्रमण ही गोव्यातील दूधसागर धबधब्याकडे रेल्वेरुळांवरून पायी जाण्याची लोकप्रिय, परंतु बेकायदेशीर वाट आहे. ती कायमची बंद ठेवावी की नियमांखाली खुली करावी, याविषयी मतभेद आहेत.

मांडवी नदीवरील सुमारे ३१० मीटर उंचीचा हा धबधबा भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात आहे. त्याच्या समोरून कॅसलरॉक–कुळे हा घाटमार्ग जातो. पोर्तुगीज राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या मार्गाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. अरुंद बोगदे, निसरड्या कडा आणि मुसळधार पावसात बुडून जाणारा गाडीचा आवाज यांमुळे रुळांवरील चाल जीवघेणी ठरू शकते. २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस' या चित्रपटात हे दृश्य झळकल्यावर धबधब्याची कीर्ती देशभर पसरली.

== बंदी आणि वाद ==

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेहद्दीत विनापरवाना प्रवेश हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यात दोघांचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर वनविभागाने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली. तरीही १६ जुलै रोजी, रविवारी, दूधसागरसाठी मोठी गर्दी लोटली. पोलिसांनी अडवलेल्या काही पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. अशी शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही. धबधबा गाडीच्या डब्यातूनच पाहावा, असे आवाहन दक्षिण पश्चिम रेल्वेने केले.

बंदीच्या समर्थकांचा भर जीवितहानी आणि दुर्गम दरीतील बचावकार्याच्या अडचणींवर आहे. विरोधकांचा आक्षेप निराळा आहे. कुळेहून वनरस्त्याने जाणारी जीपसेवा पावसाळ्यात बंद असते, म्हणजे धबधबा भर वैभवात असताना अधिकृत वाट मिटते आणि रुळांचीच वाट उरते. मर्यादित संख्येत, स्थानिक वाटाड्यांसह जंगलातून परवाना द्यावा, ही त्यांची मागणी आहे. त्यातून कुळे परिसरातील लोकांना पावसाळ्यातही रोजगार मिळेल. मात्र पायवाटेचा वन्यजीवांना होणारा उपद्रव या मागणीत सहसा विचारात घेतला जात नाही. त्या प्रश्नात रेल्वेची बाजूही निर्विवाद नाही: याच वनातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली.