ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी बग ट्रॅकर कसा निवडायचा?

एखादं ओपन सोर्स ॲप सारखं बंद पडतंय? तर ही तक्रार तुम्ही थेट ते बनवणाऱ्यांपर्यंत पोचवू शकता. अशा तक्रारींची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे बग ट्रॅकर. इथे प्रत्येक बगला नंबर मिळतो आणि त्यावर कोण काम करतंय हे सगळ्यांना दिसतं. पण तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट असेल, तर कोणता ट्रॅकर घ्यायचा?

मुख्य पर्याय

• गिटहब आणि गिटलॅब: कोड जिथे, तिथेच ट्रॅकर. वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही. कोडमधल्या बदलासोबत बगचा नंबर ठराविक पद्धतीने लिहिला, की बदल मुख्य ब्रँचमध्ये येताच बग आपोआप बंद होतो.

• बगझिला: मोझिलासाठी १९९८ मध्ये तयार झाला. केडीई आजही हाच वापरतं. बारीकसारीक माहिती नोंदवता येते, पण मोठा फॉर्म बघून नवखा माणूस गांगरतो.

• रेडमाइन आणि मँटिस: दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. स्वतःच्या सर्व्हरवर टाकले, तर डेटा तुमच्या हातात राहतो. मात्र अपडेट, बॅकअप आणि स्पॅमची डोकेदुखीही तुमचीच.

निवडण्याआधी हे तपासा

१. तक्रार कोण करणार? सामान्य वापरकर्ते असतील तर फोनवरून दोन मिनिटांत तक्रार लिहिता आली पाहिजे. नवीन खातं उघडायला लावलं, की बरेच जण तिथूनच परत जातात.

२. सुरक्षेचे बग लपवता येतात का? पासवर्ड फुटू शकेल असा बग दुरुस्तीआधीच जगजाहीर झाला, तर फटका वापरकर्त्यांना बसतो. गिटलॅबमध्ये असा बग गोपनीय ठेवता येतो. गिटहबवर खाजगी रिपोर्टिंगची सोय आधी चालू करावी लागते.

३. बाहेर पडता येतं का? पायथॉनने २०२२ मध्ये राउंडअप सोडून गिटहब घेतलं. जुने बग सोबत नेले, पण त्यांचे नंबर बदलले. म्हणून जुनी साइट फक्त वाचण्यासाठी चालू ठेवली. बग का आला, कसा सुटला, ही चर्चा कोडइतकीच मोलाची असते. ती एक्सपोर्ट होत नसेल, तर तो ट्रॅकर नकोच.

थोडक्यात, दोन-चार जणांचा प्रोजेक्ट असेल तर कोड जिथे आहे तिथलाच ट्रॅकर वापरा. सर्व्हर सांभाळणारं माणूस कायम हाताशी असेल, तरच स्वतःचा उभारा.